परीक्षार्थींच्या हातांतील ‘अधिकार’

सोलापुराहून तुळजापुरास जाणाऱ्या हमरस्त्यावर तामलवाडी हें गांव लागतें. कोजागरीच्या सुमारास देवीच्या दर्शनास पायीं निघालेल्या यात्रेकरूंची रीघ याच रस्त्यानें जाते. आमचा एक विद्यार्थी या गांवचा. राज्यसेवेच्या परीक्षेची तयारी तो दोन वर्षें करीत आहे. त्याच्या आग्रहावरून आम्ही एकदां त्याच्या घरीं गेलों असतां त्याच्या मेजावर जें पुस्तक आमच्या दृष्टीस पडलें, त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. पुस्तकाचें व प्रकाशकाचें नांव येथें देत नाहीं. कारण दोष त्या एकट्याचा नाहीं. इंग्रजी शब्दसंग्रहाचीं असलीं पुस्तकें बाजारांत पुष्कळ आहेत, आणि एकाचीं पानें दुसऱ्यांत शिवलीं तरी वाचणारास पत्ता लागूं नये इतकीं तीं परस्परांसारखीं आहेत.

पुस्तकांत विषयवार प्रकरणें आहेत. ‘सत्ता व शासन’ या प्रकरणांत डावीकडे इंग्रजी शब्द व उजवीकडे मराठी प्रतिशब्द, अशी मांडणी आहे. पॉवर म्हणजे अधिकार, सत्ता. ऑथॉरिटी म्हणजे अधिकार. त्याच पानावर खालीं, राइट म्हणजे अधिकार. प्रिरॉगेटिव्ह म्हणजे विशेष अधिकार. मॅन्डेट म्हणजे आदेश, अधिकार. पान उलटलें कीं एन्टायटलमेंट; तेथेंही अधिकारच. इंग्रजीनें सहा निरनिराळ्या खोल्यांत ठेवलेल्या वस्तु ग्रंथकारानें एकाच कोठींत लोटून दिल्या आहेत आणि दारावर पाटी एकच लावली आहे.

आमच्या विद्यार्थ्यानें हें सारें प्रकरण न अडखळतां म्हणून दाखविलें. त्याच्या पाठांतराचें आम्हांस कौतुक वाटलें. मग आम्हीं त्याला विचारलें, “तहसीलदाराजवळ जें आहे आणि तुझ्या वडिलांजवळ जें आहे, त्यांत भेद काय?” तो क्षणभर थांबला व म्हणाला, “सर, दोघांनाही अधिकारच आहे. पण साहेबांचा मोठा.”

हें उत्तर ऐकून हसूं येण्यासारखें आहे. पण आम्हांस हसूं आलें नाहीं. हा मुलगा बुद्धिमान आहे. उद्यां तो परीक्षा उतरला तर त्याच तहसीलदाराच्या खुर्चीवर बसेल, आणि समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याजवळ जें आहे तें आपल्याजवळच्याच वस्तूचें एक लहान माप आहे, अशी समजूत घेऊन बसेल. शब्दसूचीच्या एका ओळीनें एवढा अनर्थ होतो काय, असें कोणी विचारील. एका ओळीनें होत नाहीं. पण जी ओळ लाखों मुलें पाठ करतात आणि जींतून पुढें कचेऱ्या भरतात, ती ओळ लहान म्हणतां येत नाहीं.

हक्क आणि अधिकार हे दोन शब्द मराठींत निरनिराळ्या वाटांनीं आले आहेत. ‘अधिकार’ संस्कृत. त्याच्या मुळाशीं योग्यतेची कल्पना आहे. शास्त्र शिकण्याचा अधिकारी कोण, हा प्रश्न आपल्या प्राचीन ग्रंथांच्या आरंभींच येतो. एखाद्या सत्पुरुषाचा अधिकार थोर होता, असें आपण म्हणतों, तेव्हां त्याच्या हातांत फौज होती असें आपणांस सुचवावयाचें नसतें. पदावर बसलेल्या मनुष्यास त्या पदामुळें जें करतां येतें तेंही अधिकारच. अर्थात् या शब्दांत पायरी आहे. कोणी तरी वर आहे आणि कोणी तरी खालीं. ‘हक्क’ हा अरबी शब्द. सत्य, न्याय्य, ज्याचें त्यास देणें असलेलें, हा त्याचा मूळ अर्थ. आपल्या गांवगाड्यांत तो रुळला तो वतनाच्या व बलुत्याच्या संगतीनें. खळ्यावरचा सुताराचा हक्क, पाटलाचे मानपान व हक्क, हीं भाषा जुन्या कागदोपत्रीं पानोपानीं सांपडते.

वतनाचा हक्क जन्मानें मिळे, आणि ज्याच्या वांट्यास महारकी आली त्याच्या हक्काबरोबर गांवची बिनमोल चाकरीही गळ्यांत पडे. डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत वतनाच्या कायद्यास दुरुस्ती सुचविणारें विधेयक आणलें, आणि त्याच्या आदल्याच वर्षीं महाडास चवदार तळ्याचें पाणी प्राशन करून हक्क हा शब्द वतनाच्या दाव्यांतून सोडवून मनुष्यमात्राच्या हातीं दिला. कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें मुंबई राज्यांत कायद्यानें रद्द झालीं तीं १९५८ सालीं. ज्या शब्दानें एवढा प्रवास केला, त्याला शब्दसूचींतून कोणी विनाकारण काढून टाकावें, याचें आम्हांस वाईट वाटतें.

येथें ग्रंथकार म्हणेल कीं हा गोंधळ माझा नव्हे, सरकारचाच आहे. आणि त्याचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. भारतीय संविधानाच्या मराठी पाठांत ‘मूलभूत हक्क’ आहेत. हिंदी पाठांत तेच ‘मूल अधिकार’ आहेत. २००५ सालचा माहितीसंबंधींचा कायदा मराठींत ‘माहितीचा अधिकार’ या नांवानें आला. तर राज्याचा २०१५ सालचा कायदा ‘लोकसेवा हक्क’ या नांवानें. इंग्रजींत दोन्ही ठिकाणीं शब्द एकच, राइट. आतां पहिल्या कायद्याची गंमत पाहा. नागरिकानें आपला अधिकार बजावण्यासाठीं अर्ज करावयाचा तो ‘जन माहिती अधिकारी’ यांच्याकडे. एकाच वाक्यांत अधिकार व अधिकारी शेजारीं बसले कीं मराठी कानास अधिकार हा अधिकाऱ्याचाच वाटणार, यांत नवल तें काय? प्रत्यक्षांत कायदा याच्या नेमका उलट आहे. माहिती कशासाठीं हवी याचें कारण अर्जदारास विचारतां येत नाहीं. तीस दिवसांत उत्तर देणें अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. कारण न सांगतां मागतां येतें तो हक्क, आणि कारण दाखवूनच वापरतां येतो तो अधिकार, इतकी स्पष्ट खूण या एका कलमांत असतांना आमच्या मुलास ती कोणी दाखविली नाहीं.

तामलवाडीसारख्या गांवीं हा विषय आम्हांस अधिक बोंचला, त्याचें एक कारण आहे. हें गांव दोन राज्यांच्या सीमेलगतचें. दक्षिणेस सोलापूर, म्हणजे त्या वेळचा इंग्रजी मुलूख. आणि इकडे निजामाची मोगलाई. विद्यार्थ्याच्या आजोबांनीं नव्वदीच्या घरांत असूनही आम्हांस त्या काळचे हुद्दे धडाधड सांगितले. गांवांत पोलीस पाटील, माली पाटील व पटवारी, त्यांच्यावर गिर्दावर, मग तहसीलदार, जिल्ह्यास अव्वल तालुकदार, आणि त्यावर सुभेदार. “तालुकदार येणार म्हटलं की आख्खं गाव झाडून काढायचे,” असें ते म्हणाले. मुंबई इलाख्यांतल्या वाचकास तालुकदार म्हणजे तालुक्यापुरता कोणी अंमलदार वाटेल. वस्तुतः तो कलेक्टर. चार कोसांवर सोलापुराकडे गेलें कीं पटवाऱ्याच्या जागीं कुलकर्णी व तलाठी, आणि तालुकदाराच्या जागीं कलेक्टर. सत्ता तीच, शब्द निराळे. आणि दोन्हीकडे वरचे शब्द शेतकऱ्याच्या बोलीबाहेरचे.

निजामाच्या राज्यांत फारसी जाऊन उर्दू दरबारी भाषा झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. पुढें १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें, आणि उच्च शिक्षणाचे ग्रंथ देशी भाषेंत उतरविण्यासाठीं भाषांतराचें स्वतंत्र खातें हैदराबादेस उघडण्यांत आलें. तेथील पंडितांनीं शास्त्रोशास्त्रीं परिभाषा घडविली. हें काम थोर होतें, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. हिंदुस्थानी भाषेंत विद्यापीठ चालवून दाखविण्याचें धैर्य त्या वेळीं मुंबईस झालें नव्हतें. परंतु मराठवाड्यांतल्या शेतकऱ्याला त्या परिभाषेंत फिर्याद करतां येत नव्हती. ती भाषा बोलणारा कोणी तरी मध्यस्थ त्याला शोधावा लागे. १९४८ सालीं निजामी राजवट संपली, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. पण मध्यस्थ गेला काय? तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे आजही बसलेले दिसतात, आणि ते जी भाषा लिहून देतात ती मराठीच असते.

मराठीनें राज्यकारभाराचे शब्द घडविण्याचे मोठे प्रयत्न केले आहेत. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशांत राज, दुर्ग, लेखन, पण्य असे दहा वर्ग करून फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. पेशव्याचा पंतप्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, हें अष्टप्रधानांचें नामांतर सर्वांस ठाऊक आहे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६२ सालीं पदनाम कोश निघाला, आणि त्याची थट्टा झाली तरी त्यांतले कित्येक शब्द आज आपण सहज वापरतों. पण हे दोन्ही उद्योग आरंभले गेले ते राज्य चालविणाराच्या सोयीसाठीं. कचेरींत कोणास काय म्हणावें हें त्यांनीं ठरविलें. कचेरीच्या दाराशीं उभा असलेला मनुष्य काय म्हणून उभा आहे, याचा कोश अद्याप व्हावयाचा आहे.

आपल्या भाषेजवळ शब्दांचा तोटा आहे म्हणावें, तर तसेंही नाहीं. पॉवर या एका शब्दास मराठींत किती छटा आहेत पाहा. ‘सत्ता’ म्हणजे मुळांत नुसतें असणें. संस्कृत तत्त्वज्ञांचें तें अस्तित्व मराठींत येऊन मालकी व राज्य झालें. आपल्याकडे जो असतो तो गाजवतोच, असें कोणी विनोदानें म्हणूं शकेल. ‘अंमल’ तर अजब शब्द. इंग्रजांचा अंमल आणि भांगेचा अंमल, दोन्ही आपण एकाच शब्दानें सांगतों, आणि इतकें अचूक बोलणें आम्हांस इंग्रजींत कोठें आढळलें नाहीं. हुकमत चालते, जरब बसते, वचक असतो, दरारा पसरतो. ज्याच्याजवळ यांपैकीं कांहींच नाहीं त्याचेंही कचेरींत ‘वजन’ असूं शकतें, आणि ज्याचें वजन आहे त्याचें काम अधिकाराशिवाय होतें, हें खेड्यांतलें पोर जाणतें. आमच्या ग्रंथकारानें इन्फ्लुअन्स या शब्दापुढें ‘प्रभाव’ असें लिहून ठेविलें आहे. आजोबांना प्रभाव म्हटलें तर कळणार नाहीं. वजन म्हटलें तर ते चार माणसांचीं नांवें घेतील.

‘शासन’ या शब्दाकडे मात्र आम्ही संशयानें पाहतों. ताम्रपटास शासन म्हणत, म्हणजे आज्ञा. गुन्हेगारास शासन झालें म्हणजे शिक्षा. आणि आज मंत्रालयापासून ग्रामपंचायतीच्या फलकापर्यंत गव्हर्नमेंटलाही शासनच. ‘सरकार’ हा शब्द इतकी शतकें तोंडीं बसला असतांना, कागदावर शिक्षेचा वास असलेला शब्द आणावयाची निकड काय होती, हें आम्हांस समजत नाहीं. ‘राज्य’ या शब्दाची अडचण निराळ्या प्रकारची. भारत हा राज्यांचा संघ, तेथें राज्य म्हणजे महाराष्ट्र, कर्नाटक इत्यादि. पण मूलभूत हक्कांच्या भागांतील बाराव्या अनुच्छेदांत राज्य म्हणजे केंद्र व राज्य सरकारें, विधानमंडळें आणि स्थानिक संस्थासुद्धां. त्या अर्थानें तामलवाडीची ग्रामपंचायत हीही ‘राज्य’च, आणि तिनें कोणाचा हक्क मोडल्यास तिच्याविरुद्ध दाद मागतां येते. येथें दोष मराठीचा नव्हे. इंग्रजींतही स्टेट हा शब्द दोन्ही ठिकाणीं तोच आहे. म्हणून तर शब्दसूचीनें येथें थांबून दोन वाक्यें लिहावयास हवीं होतीं. पुस्तकांत आहे तें इतकेंच: स्टेट म्हणजे राज्य.

ही अडचण आपल्या एकट्यांची आहे असें मात्र कोणीं समजूं नये. १९४३ ते १९४८ पर्यंत, कोल्हापुराजवळ वळिवडे येथें हजारों पोलिश निर्वासितांची वसाहत होती, व तींत त्यांच्या मुलांच्या शाळा होत्या. पोलिश भाषेंत ‘प्रावो’ हा एकच शब्द कायदा व हक्क या दोन्ही अर्थीं वापरतात, आणि ‘व्वाद्झा’ हा सत्ता व अधिकार या दोन्ही अर्थीं. त्या भाषेच्या मुलांस इंग्रजी शिकतांना लॉ कोठें म्हणावें आणि राइट कोठें, पॉवर कोठें आणि ऑथॉरिटी कोठें, हें वाक्यावाक्याला ठरवावेंच लागतें. त्यांचा स्टेटवाचक शब्द ‘पान्स्त्वो’ तर समोरच्या मंडळींस आदरानें संबोधण्यासही चालतो, जसें आपण एकेकाळीं धन्यास ‘सरकार’ म्हणत होतों. पण पोलिश मुलाला दोन शब्दांचें काम पुष्कळदां एकावरच भागवावें लागतें. आपणांजवळ हक्क आहे, अधिकार आहे, आणि तरी आपण एकच पुढें करतों.

न्यायाची गोष्ट म्हणून एक कबुली येथें दिली पाहिजे. आम्हींही वर्गांत कित्येक वर्षें असेच प्रतिशब्द फळ्यावर लिहून दिले आहेत. तास संपत आलेला असे, मुलांना टिपण हवें असे, आणि एका इंग्रजी शब्दापुढें एक मराठी शब्द लिहिला कीं दोन्ही पक्षांचें समाधान होई. त्यांतलीं कांहीं मुलें आज मोठ्या पदांवर आहेत.

निघण्यापूर्वीं आम्हीं विद्यार्थ्यास पेन्सिल देऊन राइट या शब्दापुढील ‘अधिकार’ खोडावयास सांगितलें. त्यानें तो खोडून ‘हक्क’ असें लिहिलें, व त्याखालीं आमच्या सांगण्यावरून दोन वाक्यें जोडलीं: जप्तीचा अधिकार तहसीलदारास आहे, जप्तीची नोटीस मिळण्याचा हक्क शेतकऱ्यास आहे. आजोबा ऐकत होते. त्यांनीं दुसऱ्या वाक्यास मान हलविली. मग मुलानें विचारलें, “सर, पण ‘माहितीचा अधिकार’ कायद्यावर प्रश्न आला तर तिथे काय लिहायचं?” त्यावर आम्हीं त्यास सांगितलें कीं कायद्याचें नांव आहे तसेंच लिहावें, तेथें ‘हक्क’ लिहिल्यास गुण जातील.