वाऱ्याचा हिशेब

यशाचीं चरित्रें पुष्कळ लिहिलीं जातात. परंतु अपयशाचा जमाखर्च स्वतःच्या हातानें मांडून तो लोकांपुढें ठेवणारा ग्रंथकार विरळा. पामर कॉसलेट पटनम यांचा ‘पॉवर फ्रॉम द विंड’ हा 1948 सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथ या विरळ जातीचा आहे. विषय यंत्रशास्त्राचा खरा. तथापि पवनचक्क्या जमिनीवरून समुद्रांत उतरल्या असतां सामान्य वाचकानेंही या जुन्या ग्रंथाकडे वळावें, असें आम्हांस वाटतें.

कथानक थोडक्यांत असें. अमेरिकेंतील व्हरमाँट राज्यांत ‘ग्रँडपाज् नॉब’ नांवाच्या टेकडीवर पटनम यांच्या कल्पनेप्रमाणें एक प्रचंड पवनचक्की उभी राहिली. पोलादी पातीं दोन, व्यास 175 फूट, शक्ति 1250 किलोवॅट. 1941 च्या ऑक्टोबरांत तिची वीज सार्वजनिक वाहिन्यांत मिसळली. 1943 सालीं तिचें मुख्य बेअरिंग निकामी झालें आणि युद्धामुळें दुसरें बसविण्यास दोन वर्षें लागलीं. पुढें 26 मार्च 1945 रोजीं पहाटे एक पातें तुटून शेंकडों फूट दूर जाऊन पडलें. पात्याच्या मुळाशीं दुबळेपणा आहे हें आधींच कळलें होतें, हेंही लेखकानें लपविलेलें नाहीं.

ग्रंथांतील सर्वांत रसाळ भाग वृक्षांविषयींचा आहे. डोंगरमाथ्यावरील झाडें कोणत्या बाजूस व किती झुकलीं आहेत, यावरून वाऱ्याचा वेग वाचण्याचा पटनम यांचा प्रयत्न एखाद्या कवीस शोभावा असा आहे. पण निसर्ग फसवतोही. या टेकडीवर ताशीं 24 मैलांचा वारा अपेक्षिला होता. मोजल्यावर सरासरी 17 मैलांच्या आसपास भरली. वाऱ्याची शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत बदलते. म्हणून वेगांतील या तुटीनें शक्ति जवळजवळ तृतीयांशावर येते. पातें मोडलें तें नंतर. योजना मोडली ती खरोखर येथें.

आमचा मतभेद आहे तो अर्थविषयक प्रकरणाशीं. नव्या यंत्रांचा खर्च किलोवॅटमागें सुमारें 190 डॉलर आणि वीज कंपनीच्या लेखीं त्यांचें मोल 125 डॉलर, एवढ्या हिशेबावर खेळ आटोपला. पण या तराजूच्या दुसऱ्या पारड्यांतील कोळशाचा धूर कोणीं तोलला? 1948 सालच्या लेखकाकडून ही अपेक्षा करणें कठोर होईल, हें आम्ही जाणतों. परंतु आजच्या वाचकानें तो आंकडा अखेरचा निकाल मानूं नये. दुसरी उणीव माणसांची. अपघाताच्या वेळीं मनोऱ्यावर असलेला कामगार जमिनीवर फेकला गेला असतांही उठून यंत्र थांबवितो, हा प्रसंग कांहीं ओळींतच उरकला आहे. आणि ग्रंथांतील अत्यंत जिवंत ओळी त्याच आहेत.

पुढील इतिहासानें ग्रंथाचा बोध स्पष्ट केला. 1972 सालीं विल्यम हेरोनेमस या नौदलांतून निवृत्त झालेल्या प्राध्यापकानें समुद्रांत पवनचक्क्या उभारण्याची कल्पना मांडली. ती प्रत्यक्षांत आली डेन्मार्कमधील विंडेबी येथें, 1991 सालीं. तेथील अकरा यंत्रें प्रत्येकीं 450 किलोवॅटचीं, म्हणजे पटनम यांच्या यंत्राच्या निम्म्याहून लहान होतीं. तीं 2017 पर्यंत टिकलीं. त्याच वर्षीं स्कॉटलंडच्या किनाऱ्यापलीकडे 6 मेगावॅटचीं तरंगतीं यंत्रें वीज देऊं लागलीं. पटनम यांनीं एका उडींत जें शिखर गांठूं पाहिलें, तें इतरांनीं पायरीपायरीनें गांठलें.

म्हणून या ग्रंथास पराभवाची कैफियत म्हणणें अन्यायाचें होईल. आपल्याकडे बंद पडलेल्या उद्योगाचे कागद बहुधा वाळवीच्या स्वाधीन होतात, आणि पुढचा माणूस त्याच खड्ड्यांत पुन्हा पडतो. पडलेल्यानें खड्डा कोठें होता हें लिहून ठेवणें, हीही एक समाजसेवाच होय.