सुरांत घोडा नसतो

चित्रीकरण कृष्णधवल आहे. तारीख 18 जानेवारी 1958, ठिकाण न्यूयॉर्कचं कार्नेगी हॉल. पाठमोरे उभे आहेत संगीत-संचालक लेनर्ड बर्नस्टाइन, आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिक हा ऑर्केस्ट्रा वाजवतो आहे रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ या ऑपेराच्या ओव्हर्चरचा शेवटचा भाग. ट्रम्पेटची ललकारी होते आणि मागोमाग तारवाद्यांची दौड सुटते. वाजवणं थांबवून बर्नस्टाइन वळतात आणि मुलांना विचारतात, हे संगीत कशाबद्दल आहे? सगळं सभागृह ओरडतं, लोन रेंजर! त्या पिढीच्या अमेरिकन मुलांना ही धून रेडिओ-टीव्हीवरच्या एका घोडेस्वाराच्या मालिकेमुळे तोंडपाठ होती. आपल्या पाच वर्षांच्या मुलीचं, जेमीचंही हेच मत असल्याचं बर्नस्टाइन सांगून टाकतात. मग अगदी प्रेमानं त्या घोड्याखालची जमीनच काढून घेतात. रोसिनीचा ऑपेरा 1829 चा, गोष्ट स्वित्झर्लंडची. काउबॉयशी तिचा संबंध नाही, आणि खरं सांगायचं तर या सुरांचा स्वित्झर्लंडशीही नाही. हे संगीत सुरांबद्दल आहे.

‘यंग पीपल्स कॉन्सर्ट्स’ या मालिकेतला बर्नस्टाइन यांचा हा पहिला कार्यक्रम. शीर्षक साधं होतं: संगीताचा अर्थ काय? मुलांसाठी मैफली करायची फिलहार्मोनिकची प्रथा 1924 पासूनची, पण बर्नस्टाइन यांनी ती सीबीएस वाहिनीवरून घराघरांत नेली. 1958 ते 1972 या काळात त्यांनी असे 53 कार्यक्रम केले. मला विचाराल तर पहिल्याच तासात त्यांची सगळी शिकवण्याची कला हाती लागते.

त्या तासाचा गाभा म्हणजे एक लबाडी. बर्नस्टाइन मुलांना सुपरमॅनची गोष्ट सांगतात. त्याचा निरपराध मित्र तुरुंगात अडकला आहे, रात्रीची वेळ आहे, कैदी घोरत पडलेत आणि सुपरमॅन मोटरसायकलवरून त्याला सोडवायला निघाला आहे. गोष्ट संपली की ऑर्केस्ट्रा वाजतो, आणि खरंच, घोरणं ऐकू येतं, मोटरसायकल ऐकू येते. मुलं खूश. मग ते कबुली देतात की ही गोष्ट त्यांनी स्वतःच रचली होती. संगीत आहे रिचर्ड श्ट्राउसचं ‘डॉन किहोटे’. मोटरसायकल म्हणजे त्या खुळ्या सरदाराचा घोडा, आणि घोरणं म्हणून जे ऐकलं ते मेंढ्यांचं बेंबें. श्ट्राउसनं ते पितळी वाद्यांत जीभ थरथरवून काढलेलं आहे. ऑर्केस्ट्रा तेच पुन्हा वाजवतो. एकही सूर बदललेला नाही, तरी या खेपेला मेंढ्याच ऐकू येतात.

ही दुसरी खेप मला फार मोलाची वाटते. ‘संगीताला गोष्टीची गरज नाही’ हे वाक्य फळ्यावर लिहिता आलं असतं. मुलांनी मान डोलावली असती आणि घरी जाईपर्यंत विसरली असती. बर्नस्टाइन यांनी ते मुलांच्याच कानांवर घडवून आणलं. आधी कानाला मनसोक्त फसू दिलं, मग त्याच कानाला साक्षीला उभं केलं. फसलं म्हणून कुणाला लाज वाटली नाही, कारण अख्खं सभागृहच एकदम फसलं होतं.

मग त्या तासाला वेग येतो. बेथोव्हेनची ‘पास्टोरल’, मुसोर्ग्स्कीची चित्रं, चायकोव्हस्की आणि त्यानंतर चक्क वेबर्न. मोठ्यांनाही अवघड जाणारं संगीत त्यांनी मुलांपुढे ठेवलं. शेवटी राव्हेलचं ‘ला व्हाल्स’. मला इथे आपला तराणा आठवतो. नोम, तोम, दिर दिर यांचा अर्थ विचारत कुणी अडून बसत नाही आणि आनंदही उणा पडत नाही. बर्नस्टाइन मुलांना याच निवांतपणाकडे नेत होते.

संहिता ते स्वतः लिहीत, पिवळ्या कागदांच्या वहीवर, पेन्सिलीनं. बोलता बोलता पियानोवर बसायचं, दोन स्वर वाजवायचे, उठून ऑर्केस्ट्राकडे वळायचं, तेच दोन स्वर शंभर वाद्यांतून काढून दाखवायचे. एवढा महागडा फळा कुठल्या मास्तरला मिळाला असेल? आणि मिळाला तरी तो इतक्या सहज वापरणं कितीजणांना साधलं असतं?

याची तालीम आधी झाली होती. 14 नोव्हेंबर 1954 ला टीव्हीवरच्या ‘ऑम्निबस’मध्ये बर्नस्टाइन बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीबद्दल बोलले. स्टुडिओच्या जमिनीवर स्वरलिपीचं पहिलं पान प्रचंड आकारात रंगवलेलं होतं आणि वादक आपापल्या ओळीवर उभे होते. सुरुवातीच्या त्या चार ठोक्यांत बेथोव्हेननं कोणाला घेतलं? फक्त तारवाद्यं आणि क्लॅरिनेट. बाकीच्यांना बाजूला केलं आणि पान रिकामं होत गेलं. ऑर्केस्ट्रेशनसारखा कोरडा विषय डोळ्यांना दिसू लागला, वाद्य गाळणं हीसुद्धा रचनाच असते हे कळलं. बेथोव्हेननं टाकून दिलेले खर्डेही त्यांनी वाजवून दाखवले. मोठ्या रचनाकाराचं खोडलेलं ऐकायला मिळणं हे मला त्याची सिम्फनी ऐकण्याइतकंच भाग्याचं वाटतं.

‘संगीत कशाबद्दलच नसतं’ हे मात्र मला पूर्ण पटत नाही. मुलांना ते फार ठाशीवपणे सांगितलं गेलं. बर्नस्टाइन यांनाही ते पुरलं नसावं, कारण 1973 मध्ये हार्वर्डमधल्या सहा व्याख्यानांत चॉम्स्कीच्या भाषाशास्त्राचा हात धरून ते पुन्हा याच प्रश्नापाशी आले. पहिल्या तासाला मुलांना विचारलेलं पंधरा वर्षांनी विद्यापीठात विचारणारा शिक्षक मला जवळचा वाटतो.

शिकवणं म्हणजे त्यांच्या लेखी समजावणं एवढंच नव्हतं, जागा करून देणंही होतं. 14 नोव्हेंबर 1943 ला संचालक ब्रूनो वॉल्टर आजारी पडले, आणि पंचवीस वर्षांचे सहायक बर्नस्टाइन तालमीशिवाय फिलहार्मोनिकपुढे उभे राहिले. त्या एका दुपारीनं त्यांचं नाव झालं. पुढे जानेवारी 1963 मध्ये त्यांनी सोळा वर्षांच्या आंद्रे वॉट्सला मुलांच्या कार्यक्रमात लिस्टचा पहिला पियानो कॉन्चेर्टो वाजवायला बसवलं. महिनाअखेर पियानोवादक ग्लेन गूल्ड आजारी पडले, तेव्हा बर्नस्टाइन यांनी बदली म्हणून त्याच मुलाला बोलावलं. स्वतःला जसं मिळालं होतं, तसंच त्यांनी दिलं.

1990 च्या उन्हाळ्यात ते जपानमध्ये, सप्पोरोत होते. पॅसिफिक म्युझिक फेस्टिव्हलचं ते पहिलं वर्ष. देवानं जेवढा वेळ आणि जेवढी ताकद शिल्लक ठेवली असेल ती शिक्षणालाच द्यायची, असं त्यांनी तिथे जाहीर केलं. प्रकृती ढासळलेली होती, ऑक्टोबरमध्ये ते गेलेच. पण तिथल्या तालमींचं चित्रीकरण आहे. समोर तरुण वादक, स्टँडवर शूमानची दुसरी सिम्फनी. ते थांबवतात, घोगऱ्या आवाजात ती ओळ गाऊन दाखवतात आणि हात वर करतात, पुन्हा एकदा.