आत्मविश्वास आधी की काम आधी ?

नोकरवर्गाची कार्यमूल्ये, त्याचा आत्मविश्वास आणि त्याच्या हातून होणारे काम यांचा संबंध तपासणारे प्रबंध मानसशास्त्र व व्यवस्थापनशास्त्र या दोन्ही शाखांत वारंवार लिहिले जातात. त्यांची मांडणी बहुधा ठरलेली असते: दोन प्रश्नावल्या, एक सहसंबंधगुणक, आणि अखेरीस कर्मचाऱ्यांचा आत्मविश्वास वाढवावा अशी शिफारस. या शिफारशीपर्यंतची वाट भक्कम आहे काय, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

मूळ कल्पना कच्ची आहे असे नव्हे. आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेला स्वसामर्थ्याचा प्रत्यय हा विशिष्ट कामापुरता असतो. आपला 'आत्मविश्वास' हा शब्द त्या मानाने फार सैल होय. स्टाय्कोविच व लुथान्स यांनी १९९८ मध्ये ११४ अभ्यास एकत्र करून या प्रत्ययाचा कामाशी सरासरी ०.३८ इतका सहसंबंध दाखविला. हा आकडा प्रबंधांतून मंत्रासारखा उच्चारला जातो. परंतु २००७ मध्ये जज व त्यांच्या सहकाऱ्यांनी बुद्धिमत्ता, स्वभाव आणि अनुभव यांचा वाटा वेगळा काढला, तेव्हा प्रत्ययाचा स्वतंत्र वाटा साध्या कामांत काहीसा उरला. गुंतागुंतीच्या कामांत तो उरला नाही.

याहून मार्मिक प्रश्न क्रमाचा आहे. ज्याचे काम चांगले होत आले त्याला विश्वास वाटणारच. सिट्झमन व यो यांच्या २०१३ मधील संकलनात, एकाच व्यक्तीचा कालक्रमाने मागोवा घेतला असता, झालेल्या कामाचा विश्वासावरील परिणाम स्पष्ट दिसतो. उलट दिशेचा फारच दुबळा ठरतो. व्हॅनकूव्हर यांच्या २००२ मधील प्रयोगांत तर तर्काच्या खेळात विश्वास वाढलेल्या विद्यार्थ्यांकडून अधिक चुका झाल्या. उत्तर हाती आले असे वाटले की मनुष्य ताडून पाहावयाचे सोडतो, हा अनुभव परीक्षकांना नवा नसावा !

कार्यमूल्यांबद्दल थोडक्यात सांगावयाचे तर, मिरेल्स व गॅरेट यांची १९७१ मधील श्रेणी अमेरिकन विद्यार्थ्यांवर बेतलेली होती आणि तिच्या मागे वेबरची प्रॉटेस्टंट नीती उभी आहे. ती मराठीत उतरवून, साहेबांच्या शिपायाकरवी वाटून, "कष्ट करणे चांगले काय" असे विचारल्यास 'नाही' कोण लिहील ?

अहमदाबादच्या कॅलिको गिरणीतील उदाहरण येथे आठवते. १९५३ मध्ये ए. के. राइस यांच्या सल्ल्याने तेथील २२४ स्वयंचलित मागांच्या खात्यात पूर्वीची तुकड्यातुकड्यांनी केलेली वाटणी मोडून लहान गटांकडे मागांचा संपूर्ण भार देण्यात आला. कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून सुमारे ९५ टक्क्यांवर गेली आणि खराब कापडाचे प्रमाणही घटले. माणसे तीच होती. त्यांच्या मूल्यांवर वा विश्वासावर कोणी व्याख्यान दिले नव्हते. बदलली ती कामाची रचना. पुढे १९७० मध्ये एरिक मिलर यांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा एका खात्यात ही पद्धत जवळजवळ तशीच टिकलेली आढळली, इतरत्र मात्र बरीच ढासळलेली.

हे टिकणे आणि ढासळणे एका दिवशी भरून घेतलेल्या प्रश्नावलीत कधीच दिसावयाचे नाही. ज्यांना या विषयावर प्रबंध लिहावयाचा आहे, त्यांनी निदान तीन वेळा, महिन्यांच्या अंतराने, विश्वास आणि काम दोन्ही मोजावीत; आणि कामाचा आकडा कर्मचाऱ्याच्या तोंडून न घेता हजेरीपट व उत्पादनाच्या वहीतून घ्यावा.