वाचक ओळखीचा निघाला

मराठी माणूस लिहीत नाही ही तक्रार आता कुणी करू नये. तो सकाळी सहापासून लिहितो. शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर लिहितो, सोसायटीच्या ग्रुपवर लिहितो, फेसबुकच्या भिंतीवर लिहितो. आजीच्या हातची आमटी, गावाकडची मुक्कामी एसटी, पहिला पाऊस, वडिलांची जुनी लुना, काहीच वर्ज्य नाही. स्वतःविषयी, स्वतःच्या मर्जीनं, कुणी मागितलेलं नसताना लिहिणं हा प्रकार मराठीत एवढा कधीच फोफावला नव्हता. मग इतक्या ढिगातून दुसऱ्यांदा वाचावंसं वाटणारं पान इतकं क्वचित का हाती लागतं? वाचक मिळत नाही म्हणून, असं लिहिणारे सांगतात. मला नेमकं उलटं वाटतं. वाचक फार लवकर मिळतो, आणि मिळतो तो ओळखीचा मिळतो. सगळी गडबड तिथून सुरू होते.

एकट्यानं, ठरल्या वेळी, स्वतःला वाटेल ते लिहीत राहायचं आणि त्यातूनच वाचक उभा करायचा, याचा आपल्याकडचा ठसठशीत दाखला विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा. १८७४ च्या जानेवारीत ‘निबंधमाला’ निघाली तेव्हा शास्त्रीबुवा सरकारी शाळेत मास्तर होते आणि वयाची चोविशीही गाठायची होती. मासिक त्यांचं, मजकूर त्यांचा, भांडणंही त्यांचीच. असे ८४ अंक निघाले. डॉ. जॉन्सनवर लिहायला घेतलं की ते एका अंकात आटपत नसे. पुढच्या अंकात चालू, त्याच्याही पुढच्या अंकात चालू. ‘शास्त्रीबुवा, आठशे शब्दांत बसवा’ म्हणणारं कुणी डोक्यावर नव्हतं. त्यांची कितीतरी मतं आज टोचतात. जोतीराव फुल्यांवर त्यांनी जे लिहिलं त्यात विचारापेक्षा ठसकाच जास्त. पण त्या गद्याला जो ताठ कणा आहे तो कुठून आला? वाचणारा आपल्या विरुद्ध पक्षाचा असू शकतो आणि तो आपल्याइतकाच वाचलेला असू शकतो, हे धरूनच ते वाक्य मांडत. त्यांनी ज्यांच्यावर झोड उठवली त्या लोकहितवादींचीही तीच गत. १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात त्यांनी शंभरावर पत्रं लिहिली, तीही टोपणनावानं, आणि त्यांतले बहुतेक फटके स्वतःच्याच जातभाईंच्या पाठीवर. घरच्या मंडळींकडून ‘व्वा, मस्त’ ऐकण्यासाठी असलं काही कुणी लिहीत नाही.

विसाव्या शतकात लेखकातला ‘मी’ राजरोस मध्यावर येऊन बसला. फडके, खांडेकर, अनंत काणेकर यांनी लघुनिबंध मध्यमवर्गाच्या बैठकीच्या खोलीत नेला. त्यात सफाई होती, गोडवा होता, आणि पाहता पाहता साचाही तयार झाला: विषय क्षुल्लक, त्यावर एक आठवण, मध्यावर हलकंसं वळण, शेवटी शहाणपणाची चिमूट. साचा हाती आला की कुणालाही लिहिता येतं, आणि कुणालाही लिहिता आलं की अमक्याचंच वाचायचं कारण उरत नाही. स्वातंत्र्यानंतर लघुनिबंध ओसरला तो या साच्यापायी. तो मेला असं मात्र समजू नये. ‘आईच्या डब्यातली पोळी’ छापाचा जो मजकूर आज ग्रुपाग्रुपांवर फिरतो तो जरा उलगडून पाहा. सांगाडा फडक्यांच्या काळातलाच सापडेल, फक्त फडक्यांची भाषा वजा.

साच्यातून ज्या सुटल्या त्या दोन बायका. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (१९५६) महिन्यामागून महिना झाडं, पानं, पाखरं, आभाळ यांच्यातून जातं. दुर्गाबाई आपल्याला दिसतात त्या पाहणाऱ्या डोळ्यांपुरत्या. इरावती कर्व्यांनी उलट केलं, स्वतःलाच पाहण्याचा विषय केलं. ‘परिपूर्ती’मध्ये (१९४९) सभेत त्यांची ओळख करून दिली जाते: अमक्यांच्या सूनबाई, तमक्यांच्या पत्नी. ऐकताना त्यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहतं. मग रस्त्यात चार पोरं आपापसात बोलताना ऐकू येतं की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. संपलं. हाच प्रसंग आज कुणी टाकला तर त्याखाली मातृत्वावर दोन परिच्छेद येतील आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. भारतातल्या नात्यागोत्यांची रचना तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि इथे त्या त्याच रचनेत स्वतःची जागा तपासताहेत. पण तसं म्हणून दाखवत नाहीत. ज्याला दिसेल त्याला दिसेल. एवढा विश्वास अनोळखी वाचकावरच टाकता येतो. ओळखीच्याला सगळं समजावून सांगावं लागतं, कारण तो लेख वाचत नसतो, आपली खुशाली वाचत असतो.

पुढे या लिहिण्याला वर्तमानपत्रांनी वार लावून दिला. रविवारची पुरवणी, सातशे-आठशे शब्द, मजकूर अमक्या दिवशी हातात हवा. जानेवारीत नवी सदरं, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निरोपाचा लेख, वर्ष-दोन वर्षांत पुस्तक, आणि त्याच्या मनोगतात वाचकांच्या उदंड प्रतिसादाची ग्वाही. या रहाटगाडग्याची थट्टा करणं सोपं आहे आणि ती करण्यात मजाही आहे. बावन्न आठवड्यांना पुरेल एवढं सांगण्याजोगं फार थोड्यांकडे असतं. ऑगस्टपासून कित्येक सदरांत पाऊस, मांजर आणि बालपण आळीपाळीनं येऊ लागतं. तरीही सदराच्या दोन गोष्टी मोलाच्या होत्या. मजकूर छापण्याआधी कुणीतरी परका माणूस तो वाचायचा आणि शेवटचा परिच्छेद, बहुतेकदा योग्यच, उडवायचा. आणि नंतर कधीतरी उमरग्याहून किंवा चोपड्याहून एक पोस्टकार्ड यायचं. त्यावरचं नाव लेखकानं आधी कधी ऐकलेलं नसायचं.

वाचक शोधावा लागतो तसा कधी घडवावाही लागतो, हे मराठीत सगळ्यांत नेटानं केलं ते दलित साहित्यानं. साठीच्या दशकाच्या अखेरीस गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेत ‘अस्मितादर्श’ सुरू केलं. नुसतं नियतकालिक काढून ते थांबले नाहीत, लेखक-वाचक मेळावे भरवले. ज्यांचं जगणं मराठी ललित गद्याच्या हद्दीतच येत नव्हतं त्यांना लिहितं केलं आणि त्यांचं वाचणारेही गोळा केले. दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) आलं तेव्हा स्वतःविषयी लिहिण्यात किती जोखीम असते ते दिसलं. परके तर हादरलेच, आपल्या माणसांतही काही जण दुखावले. आवडत्या वस्तूंच्या आठवणी काढणाऱ्या गद्याला ही जोखीम ठाऊकच नव्हती.

ब्लॉगचा बहर त्यामानानं अल्पजीवी. २००५ च्या आगेमागे युनिकोड देवनागरी घरच्या संगणकावर उमटू लागली. तोवर ज्याच्याकडे तुमचा फॉन्ट नाही त्याला तुमचा लेख म्हणजे निव्वळ अगम्य खुणा. ‘बरहा’ उतरवून घ्यायचं, रोमन कळा बडवून मराठी उमटवायची, ब्लॉगस्पॉटवर एक कोपरा धरायचा आणि टोपणनाव घ्यायचं. लिहिणारे कोण? पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांतले, शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत गेलेले, मुलं झोपल्यावर तासभर मोकळा मिळणाऱ्या बायका. ब्लॉगच्या कडेला एक नकाशा लावलेला असे. त्यावर वाचक जिथून आला तिथे ठिपका उमटे. सिंगापूरचा एक ठिपका दिसला की दिवस गोड.

या काळातलं चांगलं गद्य खरंच चांगलं होतं. शब्दमर्यादा नाही, मानधन नाही, संपादकाची आवड सांभाळायची नाही; त्यामुळे वाक्यं सैल सुटली, बोलीतली वळणं आली, इंग्रजी शब्द लाज न बाळगता आले. टोपणनावाआड बसून बायकांनी नोकरी, नवरा आणि एकटेपण यांवर जे लिहिलं ते पुरवण्यांत क्वचितच दिसलं असतं. पण वाचक? तोही बहुतेक ब्लॉगवालाच. मी तुझ्याकडे येऊन ‘सही लिहिलंयस’ म्हणायचं, तू माझ्याकडे यायचं. हा वानवळा घरोघर फिरत राहिला आणि पाच-सहा वर्षांत सगळे सगळ्यांना ओळखू लागले. टोपणनावं उरली ती नावापुरती. २०१३ च्या जुलैत गूगल रीडर बंद झालं आणि नवं लेखन आपसूक दारात आणून टाकणारी सोय गेली. तोवर मंडळी फेसबुकवर सरकलीही होती, जिथे दाद मिळायला रात्र उलटायची गरज नव्हती.

एका प्रकारच्या ब्लॉगांचं मात्र असं झालं नाही, आणि समीक्षकांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही. ते म्हणजे सह्याद्रीत भटकणाऱ्यांचे. हरिश्चंद्रगडाला बेलपाड्याहून नळीच्या वाटेनं चढायचं ठरवलेला माणूस रात्री अकराला शोधत बसतो: दोर कुठे लागेल, पाणी किती न्यायचं, वाटाड्या मिळतो का. त्याला लेखकाशी काही देणंघेणं नसतं. त्याला वाट हवी असते. ती सांगताना लेखकाला नेमकं बोलावंच लागतं; कातळाला ‘रौद्रभीषण’ म्हणून भागत नाही, पाय कुठे ठेवायचा ते सांगावं लागतं. आणि त्या नेमकेपणातूनच दम लागणं, भीती, जोडीदाराची चिडचिड, कोकणकड्यावर पोचल्यावरची ती गप्पगार दहा मिनिटं असं सगळं आपोआप येतं. मराठी प्रवासवर्णनाची भाषा गेल्या वीस वर्षांत कुणी बदलली असेल तर ती या लोकांनी. पाककृतींच्या ब्लॉगांबद्दलही हेच म्हणेन, निदान ज्यांत डाळ किती वाट्या हे आधी आणि माहेरची सय नंतर येते त्यांच्याबद्दल.

आता व्हॉट्सअ‍ॅप. इथे वाचक हजारोंनी आहेत, फक्त लेखक गहाळ आहे. चांगला मजकूर चार ग्रुप ओलांडेपर्यंत त्याचं नाव गळून पडतं. पाचव्या ग्रुपवर ‘लेखक माहीत नाही, पण आवडलं म्हणून पाठवतोय’, आणि सहाव्यावर थेट पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे. पु. लं.च्या खात्यावर त्यांच्या मृत्यूनंतर जमा झालेलं लेखन वाचलं की त्या माणसाची दया येते. म्हणून हल्ली लेखाखाली तळटीप असते: आवडल्यास नावासह पाठवावा. ही विनवणी मला आजच्या मराठी ललित गद्यातली सगळ्यांत प्रामाणिक ओळ वाटते. पण नाव टिकलं म्हणून शैली टिकते असं नाही. पुलंच्या नावावर काहीही खपतं याचा अर्थच असा की नावाखालचा आवाज ओळखण्याइतकं लक्ष देऊन कुणी वाचत नाही.

आणि दाद देणारे सगळे नात्यातले, कचेरीतले, शाळेतले असले की लिहिणाऱ्याचा हात आपोआप आखडतो. सासूबाई त्याच ग्रुपवर असताना सासूवर खरं काय लिहिणार? साहेब मित्रयादीत असताना नोकरीवर? मग उरतात सुरक्षित विषय: गेलेली माणसं, गेलेले दिवस, गेलेली चव. मराठी वैयक्तिक लेखनाला आज स्मरणरंजनाचं जे अजीर्ण झालं आहे त्याचं खापर केवळ मध्यमवर्गी हळवेपणावर फोडून चालणार नाही. मेलेली माणसं तेवढी ग्रुपवर नसतात, हेही त्याचं एक कारण आहे.

लिहिण्याची सवय कुणी कुणाला लावू शकत नाही, तिची चिंताही नको, ती आहे. कमी पडतो तो मधला माणूस, जो एकाचं लिखाण उचलून त्याला न ओळखणाऱ्या दुसऱ्यापर्यंत नेतो. ब्लॉगवाल्यांपैकीच काही जणांनी हे करून पाहिलं होतं. २००८ पासून काही वर्षं ‘रेषेवरची अक्षरे’ नावाचा जालावरचा दिवाळी अंक त्यांनी काढला. वर्षभरात ब्लॉगांवर आलेलं वाचायचं, त्यातलं निवडायचं, एकत्र मांडायचं. पैसा नाही, छपाई नाही, फक्त निवड. छापील दिवाळी अंकांचे संपादक अजूनही मजकूर मागवतात तो प्रामुख्यानं ज्यांची नावं आधीच मुखपृष्ठावर शोभतात त्यांच्याकडून. अनोळखी माणसाचं पान वाचून ‘हे राहू दे, हे काढ’ असं सांगणारं हल्ली कुणी भेटलंच तर तो ग्रुपचा ॲडमिन असतो, आणि तो बिचारा सकाळभर गुलाबाच्या फुलांवरची सुप्रभातं पुसण्यात गुंतलेला असतो.