मॅन्युअलमधून हरवलेला 'का'

युनिक्स या संगणक-प्रणालीच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ते अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तयार केले. प्रत्येक आज्ञेच्या नोंदीला त्यात ठरावीक मथळे आहेत : नाव, वापरायची रीत, वर्णन वगैरे. त्यांतल्या दोन मथळ्यांकडे मी पुनःपुन्हा जातो. एक 'बग्ज'. आपल्या प्रोग्राममध्ये काय अधुरे आहे, कुठे तो फसतो, हे तिथे लिहिणाऱ्यानेच सांगायचे. दुसरा 'ओनर'. अडले तर कोणाला गाठायचे, त्याचे नाव. इतका प्रामाणिक आकृतिबंध आपल्या चरित्रवाङ्मयालाही क्वचितच साधला असेल!

या गद्यप्रकाराशी अपरिचित वाचकांसाठी थोडा खुलासा. प्रोग्रामर आपले काम दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर उभे करतो. ते आतून कसे चालते हे त्याला बहुधा दिसत नाही. म्हणून सोबत जे लिखित स्पष्टीकरण येते, त्याला व्यवसायात 'डॉक्युमेंटेशन' किंवा नुसते 'डॉक्स' म्हणतात. हा विषय मी कॉलेजात शिकलो नाही. गेली तीसेक वर्षे हे गद्यच माझे मास्तर आहे. त्याचा कस उतरला आहे, असे माझे मत आहे. पाने मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली आहेत. त्यांतला 'का' तेवढा गळाला.

ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांचे सी भाषेवरचे पुस्तक १९७८ चे. पहिली आवृत्ती जेमतेम २२८ पानांची. सुरुवातीला नवख्याला हाताला धरून चालवणारे प्रकरण, शेवटी परिशिष्टात काटेकोर नियम. शिकवणे आणि संदर्भ देणे ही दोन निराळी कामे आहेत हे त्या लेखकांना कळत होते. आमच्या पिढीतल्या अनेकांना तेही पुस्तक आखूड वाटले आणि त्यांनी नागपूरच्या यशवंत कानेटकरांचा आधार घेतला, ती गोष्ट वेगळी.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते 'इनसाइड मॅकिंटॉश'. मॅकिंटॉश जानेवारी १९८४ मध्ये बाजारात आला आणि त्यासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यांकरता केलेला हा ग्रंथ १९८५ मध्ये पुस्तकरूपाने निघाला. त्याच्या लेखन-संपादनातले प्रमुख नाव कॅरोलाइन रोझ यांचे. मॅकिंटॉश घडवणाऱ्यांपैकी अँडी हर्ट्झफेल्ड यांनी त्यांच्याविषयी लिहून ठेवले आहे. रोझबाई प्रश्न विचारत आणि उत्तर पटेपर्यंत सोडत नसत. हर्ट्झफेल्ड यांच्या हळूहळू ध्यानात आले, की जिथे बाईंना समजायला जड जाते तिथे दोष बहुधा रचनेतच असतो. मग ते त्यांना उद्या या म्हणत, आणि रात्रीतून प्रोग्रामच बदलत. पुढे पुढे तर नवे काही रचतानाच बाई काय विचारतील, याचा विचार ते आधी करू लागले. म्हणजे इथे लेखिका तयार वस्तूवर लेबल चिकटवत नव्हती, वस्तू घडवण्यातच तिचा हात होता. डॉक्सच्या ऱ्हासाची चर्चा भाषेच्या चुकांपाशी थांबते तेव्हा हीच बाजू निसटते.

१९९० च्या दशकात जावा भाषेबरोबर 'जावाडॉक' हे साधन आले. प्रोग्रामच्या पोटातच विशिष्ट पद्धतीने शेरे लिहायचे, त्यांतून पाने आपोआप तयार होणार. साधन वाईट नाही. जावाच्या मूळ लायब्ररीचे डॉक्स त्यातूनच निघाले आणि ते आजही वाचनीय आहेत. पण शेरा कोरा ठेवला किंवा नावाचीच पुनरुक्ती केली, तरी पान भरल्यासारखे दिसते, ही त्यातली मेख. आपल्याकडे पाणिनीची सूत्रे आहेत, तसे पतंजलीचे महाभाष्यही आहे. इथे सूत्रेच छापली जातात आणि भाष्य झाले असे समजले जाते.

उदाहरण देतो. ऑनलाइन पैसे भरून घेणाऱ्या एका सेवेचे डॉक्स मला अलीकडे वापरावे लागले. 'पेंडिंग' या अवस्थेपुढे खुलासा होता : व्यवहार पेंडिंग आहे. बस. किती वेळ पेंडिंग राहू शकतो? तोवर दुकानदाराने माल द्यावा की थांबावे? कंटाळून गिऱ्हाइकाने पुन्हा पैसे भरले तर दोनदा कापले जातील का? रोझबाईंनी हे तीनही प्रश्न पहिल्याच दिवशी विचारले असते. पानाच्या तळाशी 'ओनर' नव्हता. हे पान उपयोगी पडले का, असे विचारणारी दोन बटणे होती.

प्रश्न विचारणारा हा माणूस पगारावर ठेवावा लागतो, आणि काटकसर सुरू झाली की तो लवकर नजरेत येतो. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे २५० जणांना कमी केले. वेब-तंत्रज्ञानाचे जगभर वाचले जाणारे 'एमडीएन' डॉक्स लिहिणारेही त्यांत होते. पुढच्याच वर्षी ते काम चालू राहावे म्हणून 'ओपन वेब डॉक्स' ही व्यवस्था उभी करावी लागली.

सगळीकडेच पडझड आहे असे मी म्हणणार नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नवी सोय सुचवणाऱ्याला तिचे डॉक्सही सोबत द्यावे लागतात. एसक्यूलाइटच्या लेखकांनी तर आपल्या डेटाबेसच्या खोडी आणि फसव्या जागा सांगणारे स्वतंत्र पानच ठेवले आहे. १९७१ च्या 'बग्ज'चे ते थेट वंशज.

आता डॉक्स यंत्राकडून लिहून घेण्याचा पर्याय आला आहे. गद्य सफाईदार असते, व्याकरण बिनचूक असते. पण यंत्रापुढे ठेवायचा तो प्रोग्रामच. आणि दुसरा मार्ग का नाकारला, कोणत्या अडचणीपायी ही तडजोड केली, हे त्या प्रोग्राममध्ये बहुधा कुठे लिहिलेलेच नसते. मोठ्या कंपनीतला प्रोग्रामर उठून शेजारच्या टेबलावरच्या ज्येष्ठाला विचारतो. तालुक्याच्या गावी एकट्याने शिकणाऱ्या मुलीच्या शेजारी ते टेबल नसते. तिच्यापुढे आज गुळगुळीत पाने आहेत, आणि 'पेंडिंग म्हणजे पेंडिंग' हे उत्तर आहे.