डीप ब्लू विरुद्ध कास्पारोव्ह : सामना उत्तम, प्रयोग कच्चा

मे 1997, न्यूयॉर्क. आयबीएमच्या डीप ब्लूने जगज्जेता गॅरी कास्पारोव्हला सहा डावांच्या सामन्यात 3.5–2.5 असं हरवलं. तेव्हापासून ‘बुद्धिबळात यंत्र माणसाच्या पुढे गेलं’ या वाक्याला पुरावा म्हणून हाच सामना दिला जातो. सामना म्हणून निकाल पक्का आहे. नियम दोन्ही बाजूंना मान्य होते. सेकंदाला 20 कोटी स्थिती तपासणारं यंत्र बनवणं हे इंजिनिअरिंगही थोर. पण तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तर हाच सामना प्रयोग म्हणून तपासून बघा. माझ्या मते तो तीन ठिकाणी लंगडा पडतो.

पहिलं, सॅम्पल. समजा दोन्ही खेळाडू अगदी तुल्यबळ आहेत. प्रत्येक डावात बरोबरीची शक्यता निम्मी, जिंकण्याची आणि हरण्याची पाव-पाव. म्हणजे सहा डाव हे 12 वेळा नाणं उडवण्यासारखं झालं. हिशेब केलात तर ठरावीक एका बाजूने सामना जिंकण्याची शक्यता जवळपास 39 टक्के येते. थोडक्यात, काहीही फरक नसतानाही असा निकाल सहज लागू शकतो. त्यात दुसऱ्या डावात कास्पारोव्हने हार मानली, आणि त्या स्थितीत बरोबरीची वाट शिल्लक होती असं विश्लेषण लगेच पुढे आलं. एवढ्या कमी डावांत असा अर्धा गुणसुद्धा फार महाग पडतो.

दुसरं, आपण नक्की कोणाची परीक्षा घेतोय? डावांच्या मधल्या वेळात डीप ब्लूमध्ये बदल करायची परवानगी होती, आणि टीमसोबत ग्रँडमास्टर होते. शेवटच्या डावात आठव्या चालीला घोड्याचा बळी देऊन यंत्राने कास्पारोव्हला कोंडीत पकडलं. ती चाल यंत्राने पटासमोर ‘विचार करून’ शोधली नव्हती, ती माणसांनी भरलेल्या ओपनिंग बुकमधली होती. यात गैर काही नाही, पण मग निष्कर्षात नुसतं ‘यंत्र’ लिहू नका. ‘यंत्र आणि त्याची टीम’ असं लिहा.

तिसरं, प्रयोग पुन्हा करता येणं. कास्पारोव्हचे शेकडो डाव जगापुढे होते, त्याला मात्र या यंत्राचे सरावाचे डाव बघायला मिळाले नाहीत. त्याने परतीचा सामना मागितला, तो झाला नाही, आणि यंत्र निवृत्त केलं गेलं. लॉग पुढे प्रसिद्ध झाले खरे, पण लॉग वाचणं म्हणजे प्रयोग पुन्हा करणं नव्हे.

आता 2006चा बॉनमधला सामना बघा. व्लादिमीर क्रामनिकला डीप फ्रिट्झची प्रत आधीच दिली होती, आणि डावाच्या सुरुवातीला यंत्राचं ओपनिंग बुक त्याला स्क्रीनवर दिसत होतं. यंत्र 4–2 जिंकलं. हा प्रोटोकॉल कितीतरी बरा! तरी डावांची संख्या सहाच राहिली, आणि दुसऱ्या डावात क्रामनिकला एका चालीतली मात दिसली नाही. म्हणजे सॅम्पलचा प्रश्न तिथेही सुटला नाहीच.

तुम्ही म्हणाल, ‘पण निष्कर्ष बरोबरच निघाला ना?’ हो, निघाला. आज फोनमधला प्रोग्रामही जगज्जेत्याला भारी पडतो. पण निष्कर्ष नंतर खरा ठरला म्हणून 1997 सालचा पुरावा तेव्हा पुरेसा होता, असं होत नाही. व्हायवामध्ये परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतात: उत्तर बरोबर असेल, पण तुमच्या डेटावरून ते निघतं का?

म्हणून सिनॉप्सिस लिहायच्या आधी स्वतःच्या प्रयोगाबद्दल तीन ओळी लिहून काढा. फरक काहीच नसता तरी हा निकाल किती वेळा आला असता? ज्याची परीक्षा घेतोय ते मध्येच बदललं का? दुसऱ्या लॅबमध्ये कोणी हे पुन्हा करू शकेल का? तिन्हींची उत्तरं जमत नसतील तर गाईडकडे जायच्या आधी डिझाइन बदला. डेटा गोळा झाल्यावर ते बदलता येत नाही.