फोटो छान आलाय!

वीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून मी सह्या ओळखायला शिकलो. माणसं ओळखायला शिकलो ती मात्र फोटो दाखवून. समोरच्याच्या हातात आपण काढलेला फोटो द्यावा आणि गप्प बसावं. पुढच्या अर्ध्या मिनिटात तो जे बोलतो त्यावरून त्याला कर्ज द्यावं की नाही हेसुद्धा सांगता येईल.

आपल्याकडे छायाचित्रांच्या समीक्षेचे तीन संप्रदाय आहेत. पहिला 'छान आलाय'वाल्यांचा. यातली गंमत बघा. फोटो चांगला असला की तो 'येतो'. पाऊस येतो, पाहुणे येतात, तसा तोही आपल्या पायांनी आला. काढणाऱ्याचा काही संबंध नाही. पण तोच हलला, काळा पडला, की ताबडतोब 'तू काय असा काढलास रे?' म्हणजे नफा दैवाच्या खात्यावर आणि तोटा आमच्या. असा हिशेब आम्ही बँकेत लिहिला तर ऑडिटर घरी बसवील.

दुसरा संप्रदाय 'मी कुठाय?' असं विचारणाऱ्यांचा. हे लोक पन्नास जणांच्या ग्रुप फोटोत आधी स्वतःला शोधतात, आणि सापडले की बाकीचे एकोणपन्नास जण रद्द करतात. आमची ही याच पंथातली. तिचे डोळे मिटलेले असले की फोटो वाईट. मग मागे सज्जनगडावर सूर्योदय होत असो की सूर्यास्त.

तिसरा संप्रदाय सगळ्यात जहाल. 'वा! कॅमेरा कुठला?' माझी दिवसाची कॅश पैशाला पैसा जुळली तर मॅनेजर कधी 'वा! पेन कुठलं?' म्हणून विचारत नाहीत. पण फोटोच्या बाबतीत सगळं श्रेय यंत्राला. हौशी फोटोवाल्यांचीही यात चूक आहेच. दोन फोटोवाले भेटले की फोटोंबद्दल बोलतच नाहीत, लेन्सबद्दल बोलतात. उपवर मुलींचे बाप एकमेकांशी हुंड्याबद्दल बोलायचे तसे.

आमच्या घरात हे वेड वडिलांनी आणलं. त्यांच्याकडे आग्फाचा क्लिक-थ्री होता. सूर्य आणि ढग अशी दोन चित्रं. बाहेर जे असेल ते लावायचं, की संपलं शिक्षण. रोल एकशेवीस नंबरचा, त्यात फोटो बारा. मागच्या लाल काचेतून आकडा बघत रोल पुढे फिरवायचा. बारा फोटो वडील वर्षाच्या अंदाजपत्रकासारखे वापरत. गणपतीला एक, दिवाळीला एक, मुंजीला दोन. अनपेक्षित खर्चासाठी एक राखीव. गणपतीत घातलेला रोल पाडव्याला धुवायला जाई, आणि तोवर गणपतीत कोण आलं होतं याबद्दल मतभेद झालेले असत. समीक्षक एकच, स्टुडिओवाला. तो पाकीट पुढे सरकवत म्हणे, 'तिसरा हललाय, सातव्यात तुमचं बोट आलंय.' संपली समीक्षा. मुद्देसूद, आणि धुलाईच्या दरात समाविष्ट.

मी स्वतःचा डिजिटल कॅमेरा घेतला तो २०११ साली, हप्त्यांवर. आणि कॉमर्सचं शिक्षण पहिल्यांदा कामाला आलं. लोक एक्स्पोजर म्हटलं की घाबरतात. बँकेतही घाबरतात, तिथे एक्स्पोजर म्हणजे बुडू शकेल एवढी रक्कम. पण कॅमेऱ्यातलं एक्स्पोजर म्हणजे साधी जमा-नावे. लेन्सचं भोक आठवरून पाच पूर्णांक सहावर आणलं की प्रकाश दुप्पट जमा. मग शटरचा वेळ एकशेपंचविसांश सेकंदावरून अडीचशांश करायचा, म्हणजे निम्मा नावे. ताळेबंद जुळला! हे मी आमच्या हेड कॅशियरना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'कॅमेरा कुठला?'

पुढे मी एका फोटो क्लबात गेलो. मुंबईत छायाचित्रकारांची पहिली सोसायटी १८५४ साली निघाली. डागेरची युक्ती पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली होती; म्हणजे उण्यापुऱ्या पंधरा वर्षांत आपल्याकडे दुसऱ्याच्या फोटोत काय चुकलं हे सांगायची सोय झालेली होती! आमच्या क्लबात ही परंपरा निष्ठेने पाळली जाई. महिन्यातून एकदा परीक्षक येत. मान तिरकी करून, डोळा बारीक करून बघत आणि म्हणत, 'फोटोला काहीतरी म्हणायचंय, पण तो म्हणत नाहीये.' आमच्या शाखेत असे पुष्कळ लोक आहेत. त्यांना कुणी कधी गुण दिले नाहीत.

परीक्षकांचं मुख्य हत्यार म्हणजे तिसऱ्या भागाचा नियम. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडायचे आणि माणूस मधोमध न ठेवता त्या रेघांवर बसवायचा. हा नियम जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली पुस्तकात लिहिला, तोही निसर्गचित्रांसाठी. तेव्हा कॅमेऱ्याचा जन्मही व्हायचा होता. पण आमच्या क्लबात मधोमध उभा असलेला माणूस म्हणजे संशयित. मीही हळूहळू शहाणा झालो. माणसं कडेला ढकलू लागलो. काससारख्या पठारावर सप्टेंबरात सगळे फुलं बघत उभे असत, तेव्हा मी एका फुलासमोर पालथा पडून ते तिसऱ्या रेघेवर येण्याची वाट बघू लागलो. लोक मला फूल समजून ओलांडून जात.

आणि एका आषाढात मला बक्षीस मिळालं. लोणंद आणि तरडगावच्या मध्ये चांदोबाच्या लिंबाला माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं. अश्व धावून गेला आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला एक म्हातारी वाकली. तिचा चेहरा मी टिपला. कृष्णधवल केला, सुरकुती न् सुरकुती मोजता यावी असा. उत्तेजनार्थ बक्षीस. परीक्षक म्हणाले, 'सुरकुत्यांना काय पोत आहे!'

मोठा करून, चौकट करून, तो फोटो मी घरी दिवाणखान्यात लावला. आई चष्मा पुसून समोर उभी राहिली.

'कोण रे ही?'

'वारकरी आहे.'

'ते दिसतंय. नाव काय हिचं?'

'माहीत नाही.'

'तिला दाखवलास?'

'आई, तिथे लाखो माणसं असतात...'

'म्हणजे कुणाच्यातरी आईचा फोटो तू आपल्या भिंतीवर लावलास, आणि तिच्या घरी नाही.'

आई आत कुकर लावायला निघून गेली. मी परीक्षकांच्या प्रमाणपत्राकडे बघत बसलो. पोताबद्दल बराच मजकूर होता. म्हातारीबद्दल एक शब्द नव्हता.

त्याच वर्षी नोव्हेंबरात, हयातीच्या दाखल्यांची गर्दी ओसरल्यावर, एक बाई काउंटरवर आल्या. नवरा वारला होता. कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद करायचे होते. मी जुनी फाइल काढली. त्यात दोघांचा जोडीने काढलेला फोटो चिकटवलेला. बाई एकदम पुढे वाकल्या.

'साहेब, ह्यो मला मिळंल का? आमच्याकडचा पावसात भिजला. दोघांचा ह्यो एकच हाय.'

रेकॉर्डमधला कागद देता येत नाही, हा नियम. मी फोटोकडे बघितलं, आणि सवयीने परीक्षण सुरू झालं. दोघंही मधोमध. उजेड सपाट. चेहरे पंचनाम्याला बोलावल्यासारखे. बँकेचा गोल शिक्का त्याच्या खांद्यावरून तिच्या पदरावर गेलेला, आणि टाचणीचा गंज कोपऱ्यात. आमच्या क्लबात हा फोटो दारातून आत आला नसता.

मॅनेजरांना विचारलं, फाइल खिडकीजवळ नेली आणि फोटोचाच फोटो काढला. आठवड्याने छापून बाईंच्या हातात दिला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मागे रांग वाढली, पण कुणी ओरडलं नाही. मग त्या म्हणाल्या, 'ह्यांचा सदरा मीच धुतला हुता त्या दिशी. कॉलर बगा की.'

मी बघितलं. खरंच, कॉलर स्वच्छ होती. एवढ्या वेळात मी शिक्का पाहिला, गंज पाहिला, उजेड पाहिला. कॉलर पाहिलीच नव्हती. फोटो बघणं म्हणजे त्यात काय चुकलं ते शोधणं नव्हे, हे बी.कॉम.च्या माणसाला एका कॉलरने शिकवलं. 'छान आलाय' म्हणणाऱ्यांवर मी वर एवढं तोंडसुख घेतलं खरं. पण त्यांतल्या बऱ्याच जणांना त्या वेळी कॉलरच दिसत असली पाहिजे. सांगता येत नाही, म्हणून 'छान'.

पुढच्या आषाढात म्हातारीचा फोटो पिशवीत घालून चांदोबाच्या लिंबाला गेलो. सापडली नाही. सापडणार नव्हतीच. लाखांच्या गर्दीत मी एकटाच माणूस हातात फोटो घेऊन फिरत होतो. दोघांनी मला पोलीस समजून रस्ता दिला. परत येऊन तो दिवाणखान्यातून काढला. आता तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. येणे बाकी.

तेव्हापासून मी एक नियम केलाय, स्मिथसाहेबांच्या नियमाआधीचा. माणसाचा फोटो काढला की नाव-पत्ता लिहून घ्यायचा आणि एक प्रत पोस्टाने पाठवायची. क्लबात हसतात. हसोत. मला आजवर मिळालेली सगळ्यात खरी समीक्षा याच नियमामुळे मिळाली.

कासच्या वाटेवर एक आजोबा म्हैस घेऊन चालले होते. त्यांना मी रेघेवर बसवलं. मागे डोंगर, वर ढग, सगळं बेतशीर. परीक्षक मान तिरकी न करता 'वा' म्हणाले. प्रत पाठवली. पंधरा दिवसांनी नातवाच्या अक्षरात पत्र आलं:

'फोटू पोचला. मी बरा आलोय. पण म्हस अर्धीच का घेतली? ती बी घरातलीच हाय.'

मी फोटो काढून पाहिला. खरंच की! रेघ साधण्याच्या नादात म्हशीचा मागचा अर्धा भाग चौकटीबाहेर गेला होता. क्लबातल्या बावीस सभासदांना आणि एका परीक्षकाला हे दिसलं नव्हतं.

येत्या रविवारी परत जायचंय. म्हशीचं येणं बाकी ठेवून चालणार नाही. या वेळी तिला मधोमध घेणार आहे.